दूधसागराची एक बुडी

रुग्ण सांगितलेले ऐकत नाहीत, ही आपल्या व्यवसायातील बहुधा सर्वांत जुनी तक्रार असावी. मधुमेहाच्या रुग्णाला पथ्य सांगावे, तर तो मेहुणीच्या लग्नातील जिलबीचे समर्थन करतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू ठेवण्यास बजावावे, तर ‘बरे वाटले म्हणून बंद केल्या’ असे निर्धास्तपणे सांगतो. गेली चौतीस वर्षे बेळगावात दवाखाना मांडून मी ही तक्रार मनोभावे करीत आलो आहे. जानेवारी २०२४ मधील एका रविवारी मात्र अशी वेळ आली, की सांगितलेले न ऐकणारा रुग्ण मी होतो आणि सांगणारा होता एक जीपचालक. स्मरणिकेच्या संपादकांनी माझ्याकडे आपल्या सहलीचे वर्णन मागितले आहे. ते देतोच, परंतु त्या दिवशी माझ्या बाबतीत जे घडले, ते वगळून ही सहल सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

घाट उतरताना

दूधसागर बेळगावकरांना नवा नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी तो प्रथम पाहिला तो आगगाडीच्या खिडकीतून. लोंढ्याहून गोव्याला जाणारी गाडी कॅसलरॉक सोडून घाट उतरू लागली, की डब्यातील सारी मंडळी एका बाजूच्या खिडक्यांशी गोळा होत. बोगद्यातून बाहेर पडताच पुलावर तुषारांचा शिडकावा होई, पाहता पाहता पुढचा बोगदा येई आणि अंधारात नुसताच पाण्याचा आवाज राही. हा लोहमार्ग १८८८ साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झाला. कॅसलरॉक ते कुळे हा त्याचा घाट चढणीच्या कठीणपणासाठी ओळखला जातो. दर सदतीस फुटांमागे एक फूट चढ असल्याने गाडीला जास्तीची इंजिने जोडावी लागतात.

परंतु गाडीतून दिसणारा दूधसागर हा मधला दूधसागर. त्याच्या पायथ्याशी जायचे, तर कुळे गावी उतरून जंगलातील कच्च्या वाटेने जीपमधून जावे लागते. पावसाळ्यात ही वाट बंद असते. पावसाळा सरून ओढ्यांचे पाणी उतरले, की ऑक्टोबरच्या सुमारास ती पुन्हा खुली होते.

आम्ही एकवीस जण होतो. त्यांत डॉक्टर बारा. उरलेल्या मंडळींत आमच्या सौभाग्यवती, दोन मुली, एक जावई आणि आपल्या भूलतज्ज्ञ डॉक्टरांच्या पंचाहत्तर वर्षांच्या मातोश्री. पहाटे साडेपाचला बेळगाव सोडले. खानापूर, लोंढा, रामनगर असे करीत अनमोडचा घाट उतरलो आणि मोल्यावरून कुळ्याला पोहोचलो. वाटेत कुंद्याचे दोन डबे रिकामे झाले. त्यात मधुमेहतज्ज्ञांचा वाटा मोठा होता, हे येथे नोंदवून ठेवतो.

सात माणसे आणि एक सारथी

कुळ्यात रेल्वे स्थानकाजवळ जीपची नोंदणी होते. एका जीपमध्ये सात प्रवासी. प्रत्येकाच्या हाती नारिंगी रंगाचे एक लाइफ जॅकेट दिले जाते. वनखात्याच्या नाक्यावर तपासणी होऊन जीप आत सुटते. कारण ही वाट भगवान महावीर अभयारण्यातून आणि मोले राष्ट्रीय उद्यानातून जाते. हे सुमारे २४० चौरस किलोमीटरचे संरक्षित जंगल असून तेथील नियम पाळूनच तेथे वावरावे लागते.

आमच्या जीपचा चालक पन्नाशीचा, शिडशिडीत, मितभाषी गृहस्थ. पूर्वी तो खाणीच्या मालाचे ट्रक चालवीत असे. २०१२ साली गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रक विकून तो या धंद्यात आला. आम्ही डॉक्टर आहोत हे कळल्यावर त्याने आम्हा सर्वांना एकजात ‘दोतोर’ म्हणण्यास आरंभ केला. जीप सुरू करण्यापूर्वी त्याने मागे वळून एकेकाच्या छातीकडे पाहिले.

“दोतोर, जाकेटाला तीन बंद आहेत. पाण्यात उतरताना तिन्ही लावायचे. एक लावून चालत नाही.”

मी हसून म्हटले, “बाब, मी मलप्रभेत पोहायला शिकलेला माणूस आहे.”

तो हसला नाही. “मलप्रभा वेगळी,” एवढेच म्हणाला आणि त्याने गाडी सुरू केली.

त्या वाटेचे वर्णन काय करावे! रस्ता असा नाहीच. दगड, मुळे, खड्डे आणि धूळ यांच्यामधून जीप डुलत, आदळत जाते. दोन्ही बाजूंना उंच वृक्षांची दाटी, मधूनच बांबूची बेटे आणि पाचोळ्यावर पडलेले उन्हाचे कवडसे. अस्थिरोगतज्ज्ञ मित्राने पाठीच्या कण्यातील कोणत्या चकतीवर कितवा धक्का बसला, याचे धावते समालोचन चालविले होते. मग पहिला ओढा आला.

आम्हांला वाटले, चालक वेगाने पाण्यात घुसेल. तसे झाले नाही. काठावर क्षणभर थांबून त्याने पाणी पाहिले, चारही चाकांना जोर मिळेल अशी दांडी ओढली, खालचा गियर घातला आणि अगदी एकसारख्या संथ गतीने जीप पाण्यात सोडली. पाणी चाकांच्या निम्म्याच्या वर आले, दारांच्या फटींतून पायांशी आले, मुली किंचाळल्या. चालकाचा पाय मात्र हलला नाही. पलीकडे चढल्यावर त्याने दोन-तीनदा हलकेच ब्रेक दाबून ते कोरडे करून घेतले. मी कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, की पाण्यात गियर बदलायचा नाही, थांबायचे नाही आणि घाईही करायची नाही. घाई केली, तर उसळलेले पाणी हवेच्या वाटेने इंजिनात जाते. इंजिनाला हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. एकदा पाणी आत ओढले, की आतला दांडा वाकतो आणि इंजिन जागच्या जागी मरते.

“म्हणजे इंजिनाच्याही श्वासनलिकेत पाणी जाते म्हणायचे!” भूलतज्ज्ञ उद्गारले. आम्ही सारे मनमुराद हसलो. दोन तासांनी त्या विनोदाची आठवण मला निराळ्या रीतीने होणार होती.

पायथ्याशी

जीप जेथे थांबतात, तेथून पुढे थोडे अंतर दगडांवरून पायी जावे लागते. आजीबाईंना हात देण्यासाठी आमचा चालक आपण होऊन बरोबर आला. वाटेवर माकडांच्या टोळ्या बसलेल्या असतात. त्यांना खाऊ घालू नये, जवळही जाऊ नये. १९५७ साली शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात प्रथम आढळलेला माकडताप अलीकडे गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग या तालुक्यांतही दिसला आहे. तो पसरतो गोचिडांमुळे. म्हणून जंगल फिरून आलेल्या रुग्णाला ताप असेल, तर तो कोठे गेला होता हे विचारण्यास आपण विसरू नये.

शेवटचा मोठा खडक ओलांडला आणि समोर दूधसागर उभा राहिला. एकूण उंची सुमारे ३१० मीटर, चार टप्पे. मध्यावर रेल्वेचा पूल. जानेवारीत पावसाळ्यातील रौद्र रूप नसते. काळ्या कातळावरून पाण्याचे पदर सुटत असतात आणि खालच्या डोहाचे पाणी हिरवे, नितळ दिसते. एका राजकन्येने स्नानाच्या वेळी परपुरुषाची चाहूल लागताच सोन्याच्या घड्यातील दूध ओतून आडपडदा केला, अशी दंतकथा आहे. दंतकथेपेक्षा मला तेथील भूगोल अधिक हृद्य वाटला. हे पाणी पुढे खांडेपार नदीतून मांडवीला मिळते आणि वाटेत ओपा येथे ते शुद्ध करून फोंडा व पणजीकडील लोकांना पिण्यासाठी दिले जाते. आपण ज्या डोहात डुंबतो, तो कोणाच्या तरी घरच्या माठाचा उगम असतो.

डोहाकाठी एका खडकावर जीवरक्षक उभा होता. जाकिटाशिवाय पाण्यात उतरायचे नाही आणि धारेच्या बाजूला अमुक खडकापलीकडे जायचे नाही, हे त्याने शिट्टी वाजवून व हाताने दाखवून सांगितले. आमच्या चालकाने पुन्हा एकदा सर्वांचे बंद पाहिले. माझा खालचा बंद त्याने स्वतः आवळला.

आता माझ्या मनात काय चालले होते, ते सांगतो. खानापूरजवळच्या खेड्यात माझे बालपण गेले. काकांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला विहिरीत ढकलले होते. आठ दिवसांनी डबा सुटला, आणि डबा सुटणे म्हणजेच पोहता येणे, असे आमच्या पिढीचे समीकरण होते. त्यामुळे साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा छातीला फुगा बांधून घेणे मला अपमानास्पद वाटत होते. जाकीट हनुवटीशी येत होते, हात मोकळे फिरत नव्हते. दहा मिनिटे डुंबल्यावर मी हळूच वरचे दोन बंद सोडले. मग, एकच हात पोहून यावे म्हणून, तिसराही सोडला. जाकीट एका दगडावर ठेवले आणि धारेच्या दिशेने निघालो.

आवाज न करता

धारेजवळचे पाणी पांढरे असते. पांढरे पाणी म्हणजे हवा मिसळलेले पाणी. ते माणसाला साध्या पाण्याइतके उचलून धरीत नाही. हे मला आज सांगता येते. तेव्हा एवढेच जाणवले, की हात मारूनही मी वर येत नाही. डोक्यावर पाण्याचा मारा होता. सावलीतल्या त्या थंडगार पाण्यात छातीत अकस्मात मोठा श्वास ओढला गेला आणि श्वासाबरोबर पाणीही आत गेले.

त्यानंतरचा काळ किती होता, हे मला सांगता येणार नाही. पाहणारे म्हणतात, अर्ध्या मिनिटाहून अधिक नसावा. मला हाक मारायची होती. परंतु हाक मारण्यासाठी श्वास सोडावा लागतो, आणि माझे सारे शरीर केवळ श्वास घेण्याच्या खटपटीत होते. हात उंचावून खूण करावी, तर हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबीत होते. तोंड पाण्यावर येई, पुन्हा खाली जाई. दहा-पंधरा हातांवर माझे मित्र उभे होते. त्यांतल्या एकाने माझ्याकडे पाहिले, हसून हात हलविला आणि तो पुन्हा गप्पांकडे वळला. सौभाग्यवतींना वाटले, मी तोंडावर धार घेत मजा करीत आहे.

अकरा डॉक्टरांच्या देखत एक डॉक्टर बुडत होता, आणि ते एकाच्याही ध्यानात आले नाही. ध्यानात आले ते दोघांच्या. जीवरक्षकाने शिट्टी फुंकून कडे फेकले. आणि काठावर आजींपाशी बसलेला आमचा चालक, दगडावरचे रिकामे जाकीट पाहून त्याआधीच उठला होता. त्याचे डोळे डोहावर नव्हते, जाकिटांवर होते. एकवीस माणसांमागे एकवीस जाकिटे, हा त्याचा हिशेब.

मला काठावर ओढून घेतले, तेव्हा मी खोकत होतो. भूलतज्ज्ञांनी छातीला कान लावला. त्यांच्या पिशवीतील बोटावर लावण्याचे यंत्र प्राणवायूचे प्रमाण ब्याण्णव दाखवीत होते. मी धाप टाकीत म्हणालो, “काही नाही, ठीक आहे. दहा मिनिटे बसतो. मी डॉक्टर आहे, मला कळते.” हे वाक्य मी माझ्या डॉक्टर रुग्णांकडून कितीदा ऐकले असेल!

चालकाने माझ्याशी वाद घातला नाही. तो भूलतज्ज्ञांना म्हणाला, “जीप मी वळवून ठेवतो.” परतीच्या वाटेवर ओढा ओलांडून झाल्यावर, समोरच पाहत त्याने मला एवढेच सांगितले : पुष्कळ वर्षांपूर्वी, जाकिटाची सक्ती नव्हती तेव्हा, तो सात मुलगे घेऊन आत आला होता. परत जाताना त्याच्या जीपमध्ये सहाच जण बसले होते. ते सातही जण पोहणारे होते.

आपल्यासाठी थोडे

ती रात्र मी गोव्यातील एका रुग्णालयात प्राणवायूच्या नळीखाली काढली. एक तरुण डॉक्टर दर दोन तासांनी येऊन माझी छाती तपासत होती आणि मी निमूटपणे ‘मोठा श्वास घ्या’ ही आज्ञा पाळत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो. त्या रात्री आणि पुढील आठवड्यात या विषयावर जे वाचले, त्यातील काही गोष्टी व्यवसायबंधूंपुढे ठेवाव्याशा वाटतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या प्रतिबंधासाठी मुक्रर केला. २००२ साली अ‍ॅम्स्टरडॅम येथे भरलेल्या परिषदेत बुडण्याची जी व्याख्या स्वीकारली गेली, तिच्यानुसार द्रवात बुडाल्यामुळे श्वसनात अडथळा येण्याची प्रक्रिया म्हणजे बुडणे. मग त्यातून मृत्यू येवो वा माणूस वाचो. ‘थोडक्यात वाचलेला’, ‘कोरडा बुडालेला’ असे जुने शब्दप्रयोग आता वापरू नयेत. त्या अर्थाने मी बुडालो होतो, आणि वाचलो.

दुसरे, बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. हातवारे आणि आरडाओरडा चित्रपटात असतात. डोहात असते ती शांतता. पाण्यातला माणूस हाकेला उत्तर देत नसेल, तर तो संकटात आहे असेच धरून चालावे.

तिसरे, बुडालेल्याचे पोट दाबून पाणी काढणे, त्याला उलटे धरणे किंवा आपल्या खेड्यांतील जुन्या प्रघाताप्रमाणे कुंभाराच्या चाकावर घालून फिरविणे, यांत मोलाचा वेळ जातो आणि पोटातील अन्न श्वासनलिकेत शिरण्याचा धोका वाढतो. येथे हृदय थांबते ते प्राणवायूच्या अभावी. म्हणून आधी श्वास द्यावयाचा आणि मग छाती दाबावयाची; नुसती छाती दाबणे येथे पुरेसे नाही.

चौथे, खोकला आणि छातीत बुडबुड्यांचा आवाज असलेल्या रुग्णाला, तो कितीही ‘ठीक आहे’ म्हणो, घरी पाठवू नये. फुप्फुसांची सूज काही तासांनी वाढू शकते. त्यास प्राणवायू द्यावा आणि देखरेखीखाली ठेवावे.

जुलै २०२३ मध्ये गोव्यात मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले, तेव्हा वनखात्याने पावसाळ्यात अभयारण्यातील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली. त्याच महिन्यात रुळांवरून चालत दूधसागरला निघालेल्या हौशी मंडळींना पोलिसांनी उठाबशा काढावयास लावल्या, तेव्हा त्या बातमीवर मी चहा पिताना यथेच्छ हसलो होतो. पुढच्या जूनमध्ये, २०२४ साली, लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेल्याची बातमी वाचली, तेव्हा मात्र हसणे दूर, मला ती शेवटपर्यंत वाचवेना.

फरक पडला तो

दवाखान्यात मी परतलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांनी नेहमीचे वाक्य ऐकविले, “बरे वाटले म्हणून गोळ्या बंद केल्या.” एरवी मी रागावलो असतो. त्या दिवशी मला दगडावर ठेवलेले माझे नारिंगी जाकीट दिसले. मी त्यांना विचारले, गोळी घेताना नेमके काय खुपते? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “डॉक्टरसाहेब, गोळी खाल्ली की आपण आजारी आहोत असे वाटते.” गोळीने सूज येते, चक्कर येते, असे काही नव्हतेच. डबा सुटला म्हणजे पोहता येते, अशीच त्यांचीही समजूत होती. आम्ही पाऊण तास बोललो. बाहेर रुग्ण ताटकळत राहिले, पण त्या गृहस्थांच्या गोळ्या आजतागायत चालू आहेत.

मोठ्या डॉक्टरांपुढे न दबता, रागावल्यावाचून आणि शब्द वाया न घालविता आपले सांगणे तीनदा सांगणारा तो चालक मला वारंवार आठवतो. त्याने मला सांगितले, माझा बंद स्वतः आवळला, आणि तरीही मी ऐकणार नाही हे गृहीत धरून तो जाकिटे मोजत बसला. यापैकी पहिले काम आपण सारेच करतो. तिसरे आपल्यापैकी किती जण करतात, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

मित्रहो, दूधसागरला अवश्य जा. ती वाट, तो डोह आणि डोक्यावरच्या पुलावरून जाणारी गाडी पाहण्यासाठी दिवस काढावा, असे ते स्थळ आहे. मीही पुन्हा जाणार आहे. मात्र माझ्या जाकिटाचे तिन्ही बंद तपासण्याचे काम आमच्या सौभाग्यवतींनी यापुढे स्वतःकडे घेतले आहे, आणि या बाबतीत दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याची मला परवानगी नाही.